आधी पोच

पोचअण्णा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आमच्या घरी आले, तेव्हा दुसऱ्या पत्रिकेवर त्यांनी माझ्या आईची सही घेतली. "मिळाली म्हणून लिहा की वहिनी. तारीख पण टाका." आई हसून हसून बेजार. पण अण्णा कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय हातातून सोडत नसत. त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत फक्त पोस्टमनला माहीत होतं.

हे वेड उगाच लागलं नव्हतं. तरुणपणी गिरणीत कुणीतरी त्यांच्यावर मारामारीची खोटी तक्रार केली. साहेबानं कागद पुढं केला, अण्णांनी न वाचता सही ठोकली. तो राजीनामा निघाला. "दोन सेकंदांची सही, अम्मा. अजून वाचतोय," म्हणायचे. घरी तेलुगू बोलणारे अण्णा गल्लीतल्या सगळ्या पोरींना अम्मा म्हणत.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होते. साधा रजेचा अर्जसुद्धा मी दोन प्रतींत द्यायचे आणि माझ्या प्रतीवर क्लार्कची सही घ्यायचे. सगळं खातं मला हसायचं. हसू देत. मी अण्णांच्या तालमीतली.

तिथं बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. तोंडी सांगून थकलो, मग मी लेखी अर्ज दिला. कडी बसली नाही, माझ्यावरच तक्रार बसली. म्हणे, मी पिशवीतून टॉवेल चोरून नेले! मॅनेजरनं टाईप केलेला राजीनामा पुढं सरकवला. "सही कर, पोलिसात देत नाही. उद्या तुझ्या लग्नाला अडचण नको." मेल्याला माझ्या लग्नाची भारी काळजी! मला अण्णांचे ते दोन सेकंद आठवले. "चोरी केली नाही, सही करणार नाही," म्हणाले आणि उठले. चार दिवसांत बडतर्फीचं पत्र घरी आलं.

आई रडायला लागली. चोर म्हणवून घेऊन गल्लीत राहायचं कसं, हीच तिची धास्ती. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "रडता कशाला ओ वहिनी? चौकशी न करता काढलंय. चुकले की ते!" मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "चोरी झाली म्हणतात त्या तारखेला तू कुटं होतीस?"

मी आठवलं. अकलूजला होते, मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला. रजा टाकून!

"पोच हाय?"

"आहे की!"

अण्णा असे हसले, की आईसुद्धा रडायची थांबली.

त्यांनी माझ्याकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं: आरोप खोटा आहे, चौकशी झाली नाही, कामावर परत घ्या. ते रजिस्टर पोस्टानं गेलं. उत्तर नाही. मग कामगार कार्यालयात अर्ज. तिथं समेटाच्या बैठकीत मॅनेजर म्हणाला, राजीनामा देत असेल तर तक्रार मागं घेतो. मी म्हटलं, माझं नाव धुऊन द्या, मग बोला. समेट फिसकटला, प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. वकील केला, पण अण्णांनी बजावलं, "बोलायचं काम वकिलाचं, कागद सांभाळायचं काम आपलं. मूळ कागद घरच्या माणसाच्या हातातसुद्धा सोडायचा नाही. झेरॉक्स द्यायची."

तारखांवर तारखा पडल्या. कंपनीच्या हजेरीत त्या दिवशी मला हजर दाखवलं होतं आणि रजेचा अर्ज गायब होता. माझी प्रत पुढं आली, तेव्हा क्लार्कला स्वतःची सही ओळखावीच लागली. ते बघायला अण्णा नव्हते. महिनाभर आधीच ते वारले होते. मला दुःखापेक्षा त्यांचा रागच आला. एवढी घाई कशाला केली?

निकाल लागला: बडतर्फी बेकायदा, कामावर परत घ्या. दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत घेऊन मी गेटवर उभी राहिले. मॅनेजर म्हणाला, "या आता आत." मी हलले नाही. "आधी पोच." सगळं शिलाई खातं खिडक्यांशी जमलं होतं. त्यानं मुकाट्यानं लिहिलं, 'मिळाला'. सहीखाली तारीखही टाकायला लावली.

संध्याकाळी तो कागद मी अण्णांच्या घरी जाऊन त्यांच्या फोटोपुढं ठेवला आणि डोळे पुसत उठले. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तो उचलून पुन्हा माझ्या हातात दिला.

"मूळ आहे ना हा? यांच्यापाशी तरी कशाला ठेवतेस? ओरडतील की तुला. जा, झेरॉक्स काढून आण."