आईचं मोकळं कपाळ

आईचा एकच फोटो होता, बोटाएवढा आणि पुसट. ती गेल्यावर धाकट्या भावानं एआयकडून तो मोठा, रंगीत करून घेतला आणि बारामतीतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावला. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी मी तो पाहिला आणि उडालेच. आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू!

आम्ही बौद्ध. आईनं जन्मात कुंकू लावलं नाही. निमगाव केतकीत कुणाच्या लग्नात बायका करंडा घेऊन पुढं आल्या, की ती हात आडवा धरायची. "आमी न्हाय लावत, बाई," म्हणायची, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. आम्ही दोघं भावंडं तेव्हा तिच्या पदराला लोंबकळत असायचो.

"मशीनचं काम हाय, ताई," भाऊ म्हणाला. "साडी दिसली की कुकू लावतंय त्ये."

मला पटलं. त्या मशीनला चार शिव्या हासडून मी दुरुस्तीला बसले. मूळ फोटो मोबाइलवर घेतला, भावानं वापरलेलं तेच ॲप उघडलं आणि लिहिलं, 'फोटो स्पष्ट आणि रंगीत कर, बाकी काही बदलू नको.' आई समोर आली. कपाळ मोकळं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा मोकळंच. मग मुद्दाम लिहिलं, 'कुंकू लाव.' लगेच लागलं. नथ सांगितली असती तर तीही घातली असती बिचाऱ्यानं.

मोबाइल भावापुढं धरला. तो आधी हसला, मग चिडला.

"लोणी देवकरच्या कंपनीतलं सायेब येणार हायत उद्या. फोटो बघूनच वळखत्यात लोक, आपण कोण त्ये. एवढासा ठिपका तर हाय, तुझं काय जातंय?"

परक्यानं केलं असतं तर कडाकडा भांडले असते. पाठच्या भावानं आईला तिच्या माघारी गप्प केलं होतं, आणि वर मशीनचं नाव सांगून मलाही फसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोनं निघताना फोटोला हात जोडले. पाहुण्यांसाठी टेबलावर ठेवलेल्या करंड्यात बोट बुडवलं आणि आदरानं काचेवर, आईच्या कपाळाशी, टेकवलं. भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं हात आडवा धरला नाही.

सगळे गेल्यावर मी पदरानं काच पुसली. वरचं कुंकू निघालं. आतलं तसंच राहिलं.