कोऱ्या कॅनव्हासला हळदीचं बोट

मॅडम आमच्या घरी येऊन कॅनव्हाससमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. गिऱ्हाईक गप्प झालं की पेंटरनं काय ते समजून घ्यावं.

या राठोड मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. माहेर घाटंजीकडच्या तांड्यावरचं, दवाखाना यवतमाळात, नवाकोरा बांधलेला. रिसेप्शनच्या भिंतीवर त्यांना मोठा टाय-डाय सूर्य हवा होता. रडत आलेल्या पोराला बघायला काहीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टाय-डाय म्हणजे कापड चुणून, दोरीनं आवळून रंगवायचं. दोरी सोडली की आत वर्तुळं आणि किरणं उमटलेली असतात. कपड्यांवर हे डायनं करतात. मला करायचं होतं कॅनव्हासवर, ॲक्रिलिकनं. हा रंग पाण्यात मिसळतो, पण एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही.

मी मूळचा बोर्ड रंगवणारा. फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या, तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि कॅनव्हासची कामं धरली. इथले हॉटेलवाले, दवाखानेवाले सरळ नागपूरहून प्रिंट मागवतात. मॅडमच्या डेकोरेटरनंही तेच सुचवलं होतं. मॅडम त्याला म्हणाल्या, "आधी काकांना करू द्या. नाही जमलं तर तुमचं प्रिंट आहेच." हातानं केलेलं मोठं काम मागणारं गावातलं हे माझं पहिलंच गिऱ्हाईक. इथं फसलो असतो तर दुसरं मिळालं नसतं. आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं.

आधी मी दुकानातून तयार कॅनव्हास आणला. त्याच्यावर प्रायमरचा पांढरा थर असतो. आवळायला गेलो तर थराला तडे गेले, आणि रंग अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून गेला. म्हणून मग प्रायमर न लावलेलं जाड सुती कापड घेतलं, ओळखीच्या ऑटोवाल्याच्या हाती दिलं आणि घरी शोभाला फोन केला. शोभा म्हणजे माझी बायको.

"कोरं कापड पाठवून राह्यलो. भिजवून ठेव. खळ निघाली पाहिजे."

खळ म्हणजे कारखान्यात कापडाला लावतात ती पेज. ती निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. शोभानं कापड भिजवलं, चोळलं, आणि दोरी वाकेल इतकं निथळतं वाळत घातलं. घरी येऊन बघतो तर एका कोपऱ्यात पिवळा डाग.

"हे काय केलं?"

"हळदीचं बोट लावलं."

"काहून?"

"कोरं होतं ना. तुमीच तं म्हनलं."

नवा कपडा अंगाला लागायच्या आधी त्याला हळदीचं बोट लावायची आमच्याकडे रीत आहे. मी कोरं म्हणालो ते प्रायमर नसलेलं. तिनं ऐकलं ते नवं.

"अवं, कॅनव्हास हाय तो. लुगडं नाही."

"मंग कॅनव्हास म्हनाचं. कोरं कायले म्हनता?"

मी फुगून बसलो. डागाचा कोपरा फ्रेममागे दुमडू, असं ठरवलं. कापड उन्हात कडक वाळवलं. मधोमध चिमटीत धरून छत्री मिटल्यासारखं चुणलं, दोरीनं जागोजागी आवळलं आणि पातळ केलेला रंग बाटलीनं सोडला. वाळल्यावर दोरी सोडली. वर्तुळं एकदम स्वच्छ, कड अशी की कंपास लावून काढावी. मी खूश होतो. हात शेवटी बोर्डवाल्याचाच.

कापड अजून फ्रेमवर चढवायचं होतं, आणि आता मॅडम त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"काका, काम साफ आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे प्रिंटसारखंच वाटून राह्यलं."

यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. मग त्या खाली वाकल्या. "आणि हा पिवळा? हा किती छान पसरलाय. हा कसा केला?"

शोभा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तो यायनं नाही केला. मी केला."

तेव्हा कुठे मी तो डाग नीट पाहिला. मधे गडद, बाहेर फिकट होत गेलेला, आणि कड अशी कुठेच नाही. तिनं बोट टेकवलं तेव्हा कापड ओलंचिंब होतं. मी रंग सोडला तो वाळक्या कापडावर. आयुष्यभर मी रंग पसरू नये म्हणून धडपडलो. अक्षराची कड फुटली की बोर्ड वाया, हेच शिकलेलो. टाय-डायला नेमकी फुटलेली कड लागते.

"मग हळदच वापरा ना," मॅडम म्हणाल्या.

"हळद उन्हानं उडते मॅडम. रंग ॲक्रिलिकच पाहिजे. मले अजून एक करू द्या."

त्यांनी घड्याळात नाही, माझ्याकडे पाहिलं. "करा. पण आता वेळ नाही काका."

त्या वेळी त्या 'राहू द्या' म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

पुन्हा कापड आणलं. खळ काढून झाल्यावर मीच विचारलं, "बोट लावलं का?"

"आता तं कॅनव्हास हाय ना तो?"

"लाव."

तिनं लावलं. या वेळी कापड ओलंच आवळलं. रंगात पाणी वाढवलं की त्याची पकड सुटते, म्हणून मीडियम घातलं. ते दुधासारखं दिसतं आणि रंगाला कापडाशी धरून ठेवतं. आमच्या उन्हात रंग बघता बघता सुकतो, तेव्हा पुडकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कूलरच्या खोलीत ठेवलं. सावकाश वाळू दिलं. दोरी सोडायला तिलाही बोलावलं. शोभानंच शेवटची गाठ सोडली.

पिवळा नारिंगीत उतरला होता, नारिंगी लालात. कुठे काय संपलं, ते सांगता येत नव्हतं. मॅडमनी येऊन पाहिलं, फोन काढला आणि डेकोरेटरला सांगितलं, "प्रिंट नको."

परवा दवाखान्यात सूर्यावरची धूळ पुसायला गेलो होतो. एक पोरगी रडायची थांबून त्याच्याकडे बघत होती. रंग जसाच्या तसा आहे. कोपऱ्यातली हळद मात्र पार उडाली. घरी येऊन शोभाला सांगितलं.

"उडनारच," ती म्हणाली. "ते काय टिकाले लावतेत? काम चांगलं व्हावं म्हनून लावतेत. झालं ना?"

झालं. त्यानंतर मला अशी बरीच कामं मिळाली, आणि प्रत्येक वेळी मी त्या दोघींचे उपकार मनात मानतो. माझा धडा एवढाच: कापड ओलं असताना रंग सोडावा, आणि कोरं असताना शोभाला हाक मारावी.