शून्य मृत्यूंचं हॉस्पिटल

सरकारी हॉस्पिटलातल्या नोंदणी कारकुनाला घरी चित्रगुप्त म्हणत. दाखल किती, बरे किती, गेले किती, हा तक्ता तो दर महिन्याला हातानं आखून वर पाठवायचा. बावीस वर्षं.

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पित्ताशयात खडे झाले आणि हाच तक्ता त्याच्या मुळावर आला.

"तुझ्याकडे मी यायची नाही," अक्का म्हणाली. "शंभरात सात गचकतात, तूच लिहितोस. चौकातल्या हॉस्पिटलात वर्षभरात एकही नाही. पाटी लावलीय."

"अगं, अवघड पेशंट ते घेतच नाहीत. एखादा बिघडलाच तर आमच्याकडे धाडतात. आमच्या सातातले तीन त्यांचे."

"आपलं ठेवायचं झाकून."

"तिथं अतिदक्षता विभागसुद्धा नाही."

"कुणी मरतच नाही तर बांधतील कशाला?"

अक्का चौऱ्याहत्तरची. साखर वाढलेली, हृदय कुरकुरणारं. सकाळी तो तिच्याबरोबर चौकात गेला.

तिथल्या डॉक्टरांनी वय विचारलं, छातीला नळी लावली आणि घंटी दाबली. दोघंजण स्ट्रेचर घेऊन धावत आले.

"मी चालत आलेय," अक्का म्हणाली.

"येताना चाला, आजी. जाताना झोपूनच."

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं चित्रगुप्ताला ओळखलं. "काय साहेब, आज घरचंच गिऱ्हाईक?"

सरकारी डॉक्टरांनी चार दिवस साखर आटोक्यात आणली, मग ऑपरेशनला घेतलं. दार बंद झालं तेव्हा चित्रगुप्ताला सत्तरीपुढच्यांचा आकडा आठवला. तो त्यानंच काढला होता. आपल्याला गणित यायला नको होतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं डोळे उघडले. शेजारची खाट रिकामी होती.

"हा गेला?"

"पहाटे."

"कुठनं आला होता?"

"चौकातनं. फार उशिरा आणला."

"मग तो त्यांच्या नावावर घाल."

"तसा रकाना नाही, अक्का."

"मग आख की. बावीस वर्षं पट्टी काय पाठ खाजवायला ठेवलीस?"

त्यानं आखला. 'आला कुठून.' पहिल्या ओळीत शेजारच्या खाटेवरचा माणूस. आठवड्यानं दुसरी ओळ भरली: अक्का, चौकातून आली, घरी गेली.