विरोधात कोण?

लोथार वेंट हाडाचा सुतार. पुढारी त्याला इतरांनी केलं.

पूर्व जर्मनीत पक्षाला व्यासपीठावर बसवायला खरे कामगार लागत. लोथार खुर्च्या सुरेख करायचा, दारू बेताने प्यायचा, उलट बोलायचा नाही. एवढं पुष्कळ झालं. आधी युनियन, मग जिल्हा परिषद, मग घरवाटप समितीचा अध्यक्ष. काम एकच: ‘बाजूने कोण?’ असं विचारलं की हात वर. ‘विरोधात कोण?’ हेही विचारत, पण तोवर कागद आवरायला सुरुवात झालेली असे. असाच एकदा खिडकीबाहेर बघत त्याने हात वर केला, आणि ज्याच्याकडे तो रंधा धरायला शिकला त्या म्हाताऱ्या एर्विनचं वर्कशॉप सरकारजमा झालं. एर्विन पुन्हा त्याच्याशी बोलला नाही.

ते राज्य बुडालं. बायको गेल्यावर लोथार मुलीपाठोपाठ अमेरिकेत ॲन आर्बरला आला. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे गेली. हा तिथल्या हाउसिंग सोसायटीतच राहिला. तळघरात त्याला सुतारकामाला खोली मिळाली होती. सगळ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करतो म्हणून लोकांनी त्याला कमिटीवरही घेतलं.

२००३च्या हिवाळ्यात अध्यक्ष क्रेगने नवा नियम आणला: कोणाकडेही पाहुणा महिन्याच्या वर राहायचा नाही. पाहुणे म्हणजे कोण, हे सांगायला नको. भारतातून, चीनमधून आलेले आईबाप. शैलजाकाकू त्यांतल्याच. मुलगा सिद्धेश विद्यापीठात संशोधन करायचा, सून नुकती बाळंत झालेली. काकू सहा महिन्यांसाठी आलेल्या. नियम झाला की एक तर काकूंनी परत जायचं, नाहीतर तान्ह्या बाळासकट सगळ्यांनी घर सोडायचं.

नियमाला कमिटीच्या पाचही जणांची संमती हवी होती. सभेच्या दारातच क्रेगने लोथारच्या खांद्यावर हात ठेवला.

"तळघरात लोकांना वॉशिंग मशीन हवीत. मी आतापर्यंत सांभाळून घेतलंय."

काकू पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, शेजारी सिद्धेश.

"आई, प्लीज, इथे काही बोलू नकोस."

"बोलत कुठे आहे? बघतेय नुसती."

लोथारला भीती क्रेगची नव्हती, स्वतःच्या हाताची होती. आपण विचार करेपर्यंत तो वर गेलेला असेल. त्याने दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबले.

"बाजूने कोण?"

चार हात वर गेले. लोथारच्या खांद्याला ओढ लागली, कोपर हललंसुद्धा. त्याने अंगाचा सगळा भार पंजावर टाकला. क्रेग थांबला. थांबूनच राहिला.

"लोथार?"

"पुढचा प्रश्न विचार."

"कसला?"

"अजून एक असतो. तो विचार."

क्रेगने कागद आवरायला घेतले. "विरोधात कोण?"

मुंग्या आलेला हात हळूहळू वर आला. खाली घ्या म्हणून कोणी सांगेपर्यंत तो तसाच होता.

पुढच्या महिन्यात तळघरात मशीन आली. लोथार रंधे, पटाशा एकेक करून बाहेर बर्फात आणून ठेवत होता. काकूंनी आपल्या घराचं दार उघडलं.

"आमच्या गॅरेजमध्ये आणा सगळं."

"आई, अगं, गाडी कुठे ठेवू?"

"बाहेर. काचेवरचं बर्फ खरवडायला शीक."

लोथारने सिद्धेशच्या तोंडाकडे पाहिलं. "मत नको का घ्यायला?"

"आमच्या घरात ती पद्धत नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पटाशांची पेटी उचलली.