हंसाची गाडी हललीच नाही

"बस. हं, इकडं बघ. हस. झालं, उतर."

एवढीच प्रज्ञाची फेरी.

प्रज्ञा सहा वर्षांची. माझ्या वर्गातली. बर्फावर एक घसरगाडी उभी होती, आत लाल गादी, पुढं पांढऱ्या हंसाची मान. तिच्याआधी आठ पोरं त्या गाडीत बसली आणि अख्ख्या बर्फाला वळसा घालून आली. पांढऱ्या अस्वलाच्या वेशातला खेळाडू गाडी ओढायचा, पोरं किंचाळायची, आईबाप खुर्च्यांतून उठून मोबाइल धरायचे. प्रज्ञा बसली तेव्हा अस्वलानं आपलं डोकं काढून काखेत घेतलं होतं. तो घाम पुसत होता. गाडीचा दोर बर्फावर पडला होता. फोटोवाला म्हणाला, बस. ती बसली. हस म्हणाला. हसली. उतर म्हणाला.

ती उतरली नाही. तिला वाटलं, आता गाडी निघेल. हंसाची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून ती माझ्याकडं बघत राहिली.

मी तिला उचललं आणि खाली घेतलं. मीच. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी दुसऱ्यांबद्दल बरंच लिहिणार आहे.

चितेगावात कारखान्यांच्या मागं आमची वस्ती. माझे वडील, आबा, तिथल्याच एका कारखान्यात. त्याआधी चळवळीत. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्च्याची, सभेची, निषेधाची. खाकी पिशवीत घडी करून ठेवलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'अ' अननसाचा नव्हता माझ्यासाठी, अन्यायाचा होता. प्रत्येक पत्रकाच्या खाली एक ओळ असायची: वाचून पुढं द्या. मला लहानपणी वाटायचं, छापलेलं सगळं खरंच असतं. खोटं कोण कशाला छापेल?

मॅडम मला कॉलेजात भेटल्या. शहरात त्यांची संस्था. वस्त्यांमधून लहान मुलांचे वर्ग चालवायच्या. मला म्हणाल्या, "तू खाली बघून बोलू नकोस. प्रश्न विचारत जा." असं मला आबांशिवाय कुणी म्हटलं नव्हतं. मी त्यांची झाले. आमच्या वस्तीतला वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला. त्या आमच्या घरी आल्या, आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला. नंतर प्रत्येक भाषणात त्या भाकरीबद्दल सांगायच्या. मी समोर बसलेली असायचे. मला अभिमान वाटायचा. आता वाटतं, भाकरी खाल्ल्याचं एवढं सांगावं का लागत होतं?

मे महिन्यात शहरात बर्फावरच्या खेळाचा शो आला. भला मोठा तंबू, आत यंत्रानं गोठवलेला बर्फ, त्यावर पायांत पात्यांचे बूट घालून नाचणारे लोक. सगळ्या रस्त्यांवर त्याची पोस्टरं. मॅडमचा फोन आला, "आपल्या मुलांसाठी पास मिळालेत. अठरा. आणि ऐक, मध्यंतरात मुलांना हंसाच्या गाडीतून फिरवतात. आपल्या एका मुलाला ती फेरी देणार आहेत. मी शब्द घेतलाय."

मी वर्गात सांगितलं. एवढा गोंधळ मी कधी ऐकला नव्हता. फेरी कुणाला द्यायची म्हणून स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रज्ञाचं नाव निघालं. आठ वर्षांचा सम्यक रुसला. म्हणाला, "ताई, माझी चिठ्ठी टाकली व्हती का तरी?" मी पेला उपडा करून सगळ्या चिठ्ठ्या उघडून दाखवल्या. आमच्यात असंच असतं. दाखवावं लागतं.

मग मी पोरांकडून आठवडाभर एक ओळ पाठ करून घेतली. "आम्ही आपले आभारी आहोत." एका सुरात. हात जोडून. मॅडम म्हणाल्या होत्या. हेही मीच केलं.

त्या दिवशी दुपारी टेम्पोपाशी पोरं जमली, तर मी बघतच राहिले. सगळी जयंतीच्या कपड्यांत. आमच्याकडं दिवाळीला नसले तरी चालतील, पण जयंतीला नवे कपडे लागतात. पांढरे शर्ट, पांढरे फ्रॉक, निळ्या रिबिनी. चौदा एप्रिलला घातलेले, धुऊन, इस्त्री करून परत काढलेले. आणि भर उन्हात प्रत्येकाच्या काखेत स्वेटर. काहींच्या डोक्यात माकडटोपी. प्रज्ञाची आई छायाबाई बामाची बाटली घेऊन उभी होती. पॅकिंगच्या कामावरून अर्धी सुट्टी टाकून आली होती ती. एकेका पोराला पकडून गळ्याला, छातीला, पाठीला बाम चोळत होती.

मी म्हणाले, "छायाबाई, बेचाळीस डिग्री ऊन आहे."

"बाहेर असंल. आत बर्फ हाय ना? एवढ्या बर्फात घंटा-दोन घंटे बसायचं म्हंजे काय खेळ हाय व्हय? तू पण घे, ये इकडं."

मलाही चोळला. टेम्पोत सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि सगळे हसत होते.

तंबूपाशी मॅडम आमची वाट बघत होत्या. पोरांना बघून त्यांचा चेहरा जरा पडला. "अगं, हे सगळे लग्नाला आल्यासारखे काय आलेत?" मग त्यांनी पिवळ्या टी-शर्टांचा गठ्ठा काढला. संस्थेचं नाव छातीवर मोठ्या अक्षरांत. "वरून घाला सगळ्यांना." मोठ्या मापाचे होते. प्रज्ञाच्या गुडघ्याखाली आला. जयंतीचा फ्रॉक त्याच्या आत गेला. मी घातले ते टी-शर्ट. एकेकाचे हात धरून बाहीत घातले.

आम्हाला मागच्या दारातून आत घेतलं, जिथं जनरेटर धडधडत होता. शेवटच्या रांगा मिळाल्या. पोरांना त्याचं काही नव्हतं. दिवे गेले, निळा उजेड पडला, आणि एक बाई एका पायावर उभी राहून भोवऱ्यासारखी फिरायला लागली. अठरा पोरं श्वास धरून बसली. सम्यक माझ्या कानात म्हणाला, "ताई, ती नाय घसरत. बर्फच पळतंय तिच्या खालून." मला रडू आलं, इतकं छान होतं ते. हे मला खोटं सांगायचं नाही. शो छान होता.

मध्यंतर झालं. मी प्रज्ञाला घेऊन खाली रांगेत गेले. फेरीच्या पोरांना तिथं लाल मखमलीचे कोट घालत होते. पांढऱ्या लोकरीची किनार. कोट तीनच. एक पोरगं फिरून आलं की त्याचा कोट काढून पुढच्याला. प्रज्ञा तिसरी होती. तिनं हातही वर करून ठेवले होते, कोट घालायला.

रांगेत आमच्या मागं एक बाई होती, मुलाचा हात धरून. तिनं नाकाला रुमाल लावला आणि पुढं गाडीपाशी उभ्या असलेल्या मॅडमशी जाऊन काही बोलली. मॅडम माझ्याकडं आल्या. मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"अगं, जरा अडचण झालीय. त्या विचारतात, या मुलीला कसला वास येतोय? तोच कोट नंतर त्यांच्या मुलाला घालायचा, तर..."

"बाम आहे मॅडम तो. थंडी बाधू नये म्हणून लावलाय."

"मला कळतं गं. पण त्यांना कोण समजावणार? आपली शेवटी घेऊ. कोटाचा प्रश्नच नाही मग. तू समजूतदार आहेस."

त्यांच्या पोराच्या अंगाला बामाचा वास आला असता, तर सगळे म्हणाले असते, अरेरे, सर्दी झालीय का बाळाला? आमच्या पोरीच्या अंगाला आला, तर वास. जात कुणी विचारली नाही. आता कुणी विचारत नाही. पिवळा टी-शर्ट बघतात आणि नाकाला रुमाल लावतात.

मला प्रश्न विचारायला कुणी शिकवलं होतं? या बाईनं. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून एक प्रश्न फुटला नाही. मी प्रज्ञाचे वर केलेले हात खाली केले आणि तिला रांगेच्या शेवटी नेलं.

शेवटी आमचा नंबर आला, तेव्हा घंटा झाली होती. दुसरा भाग सुरू होणार होता. मॅडम फोटोवाल्याला म्हणाल्या, "निदान फोटो तरी घ्या हो." पुढचं मी वर लिहिलंय.

परत येताना टेम्पोत प्रज्ञा माझ्या मांडीवर होती. म्हणाली, "ताई, गाडी बिघडली व्हती का?"

"व्हय," मी म्हणाले. "बिघडली होती."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात सगळ्यांना हेच सांगत होती. पण रांगेत सम्यक आमच्या मागोमाग उतरला होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं घरी सांगितलं, घरून ते छायाबाईकडं गेलं. संध्याकाळी कामावरून ती तशीच माझ्या दारात आली. बसली नाही.

"माझ्यामुळं हुकली का गं पोरीची फेरी? मी लईच चोळला बाम. यड्यावानी. पुढच्या टायमाला नाय लावणार."

तिथं माझ्यात काहीतरी तुटलं. रुमाल त्या बाईनं लावला. मागं मॅडमनी घेतलं. खाली मी उतरवलं. आणि अपराधी कोण? लेकराला थंडी बाधू नये म्हणून अर्धी सुट्टी टाकणारी आई. इतकं सोपं असतं हे. आपण नुसतं गप्प राहायचं, गुन्हा आपोआप खालच्याच्या दारात जाऊन बसतो.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला फोटो पाठवला. हंसाच्या गाडीत प्रज्ञा, हसणारी. खाली ओळ: 'बर्फावरच्या फेरीचा आनंद लुटताना वस्तीतील चिमुकली.' सोबत निरोप: "संस्थेच्या अंकासाठी तू लेख लिही. प्रज्ञाच्या शब्दांत. तुझी भाषा छान आहे."

मी ऑफिसात गेले. म्हणाले, "फोटोखालची ओळ खोटी आहे. ती फिरली नाही."

मॅडम हसल्या. "एका फेरीचं काय घेऊन बसलीस? अठरा मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला."

"ती ओळ काढा."

"हे बघ, त्या बाईला काय बोलायचं ते मी बोलले असते, तिथं तमाशा झाला असता, तर शोवाल्यांनी पुढच्या वेळी पास दिले असते का? मला पुढचा विचार करावा लागतो."

"मग मला प्रश्न विचारायला कशाला शिकवलं?"

त्या म्हणाल्या, "तू कृतघ्न आहेस, असं मी म्हणणार नाही."

"म्हणा. छापा. पण मी लेख लिहिते तो माझ्या शब्दांत."

आणि मी लिहिला. एका पानाचं पत्रक. आधी विहारात सगळ्या आयांना वाचून दाखवलं. छायाबाईला लाज वाटेल म्हणून मी बामाचं गाळलं होतं. तिला लगेच कळलं.

"बामाचं कुठंय?"

"नको म्हटलं, छायाबाई. तुमचं नाव..."

"टाक. छायाबाईनं लावला म्हन. चोरी केली का मी? टाक नाव."

टाकलं. चळवळीची पत्रकं जिथं छापायचे, त्या जुन्या छापखान्यातून आबांनी छापून आणलं. खाली तीच ओळ: वाचून पुढं द्या. शोचा शेवटचा रविवार होता. वस्तीतल्या सात बाया आणि मी, तंबूच्या पुढच्या दारापाशी उभ्या राहिलो. लोक पोरांना घेऊन येत होते. पत्रक देण्याआधी छायाबाईनं पदरातून बाटली काढली, कपाळाला बाम चोळला आणि बाटली पुढं दिली. सातही जणींनी लावला. मीही लावला.

"येऊ दे आता वास," छायाबाई म्हणाली.

काहींनी पत्रक घेतलं. काहींनी चार पावलांवर टाकलं. एका बापानं उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, पोरीकडं बघितलं आणि आत गेला. आत गेलाच. माझी कुणाबद्दल तक्रार नाही, कुणाकडून आशाही नाही.

संस्थेनं वर्ग बंद केला. सतरंज्या आणि फळा घेऊन गेले. आता पोरं विहारात फरशीवर बसतात. हात जोडून म्हणायची ती ओळ मी त्यांना विसरायला सांगितली.

प्रज्ञाला मी खरं सांगितलं. गाडी बिघडली नव्हती. दोर कुणी उचलला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मला तू कशाला उतरवलं?"

एक मात्र ठरलंय. पुन्हा कुणी आमच्या पोरीला म्हणालं, बस, हस, उतर, तर मी तिला उचलणार नाही. घंटा होऊ दे, शो थांबू दे, सगळा तंबू आमच्याकडं वळून बघू दे. ती गाडीत बसून राहील. मी शेजारी बर्फावर उभी राहीन. दोर उचलेपर्यंत.