सत्तर-तीनशेवाले भाऊ

"वाईट फोटो दाखवा," असं म्हणून भाऊ हात पुढे करायचे. कुणी चांगले दाखवायला गेलं, की तोच हात झुरळ झटकावं तसा हलवायचे. "ते घरच्यांना दाखवा. पास झालेल्या मालात शिकायचं काय? रिजेक्शन बघू."

चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. चिंचवडच्या बाजारामागे खोक्याएवढ्या दुकानात जुने कॅमेरे दुरुस्त करायचे आणि जुन्या लेन्स विकायचे. विकायचे म्हणजे, बहुतेक गिऱ्हाइकांना परत पाठवायचे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा दुकानदार असेलच.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा कोवळी बासष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती. नात मातीतल्या मोटारसायकलच्या रेसमध्ये उतरायची; चाकणच्या पुढे माळावर ट्रॅक होता. पण तिला परदेशात नोकरी लागली, गाडी विकायला काढली आणि उरल्या दोनच रेस. तिचा उडीतला एक तरी फोटो मला हवाच होता. माझ्या मोबाईलमध्ये ती वाटाण्याएवढी यायची, आणि नीट बघितलं तर तो वाटाणाही दुसराच कुणीतरी असायचा. मुलाचा जुना कॅमेरा घरात पडून होता. लेन्स तेवढी घ्यायची होती.

भाऊंच्या कपाटात दुधाच्या किटलीएवढी एक पांढरी लेन्स होती. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. माल हातात तोलून बघायची सवय. जड ते चांगलं, एवढंच माझं ज्ञान.

"हीच द्या," मी म्हटलं.

"ताई, रेस उन्हात असते का दिव्याखाली?"

"उन्हात. भर दुपारी."

"मग हिचं काय करता? कमी उजेडात कामाला येते म्हणून ही महाग."

"ट्रॅकवर सगळ्यांकडे अशीच असते हो!"

"त्यांना फोटो विकायचे असतात. तुम्हाला विकायचाय?"

मी खोकले. खरं कारण आज सांगते. तिथल्या पोरांनी "मॅडम, कुठल्या पेपरकडून?" असं विचारावं, अशी मला फार हौस होती.

त्यांनी खालच्या खणातून ओरखडे पडलेली एक काळी लेन्स काढली. "सत्तर-तीनशे मिलिमीटर. लांबचं जवळ आणते, आणि तुमच्या आवाक्यातली. फोकस धरायला जरा आळशी आहे. पण उडीची जागा काही हलत नाही ना? गाडी यायच्या आधीच त्या उंचवट्यावर फोकस धरून ठेवा. आळशी माणूसही आधी सांगून ठेवलं की काम करतो."

लगेच हातात मात्र दिली नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी मला हायवेच्या कडेला नेऊन उभं केलं. "पाय रोवा. बसबरोबर फिरा. मान नको, कंबर."

साडी, पायात पोराचे बूट, डोळ्याला कॅमेरा, आणि मी प्रत्येक कंपनीच्या बसबरोबर डावीकडून उजवीकडे. खिडकीतून एकजण ओरडला, "मावशी, आमचा बी घ्या की!"

भाऊ हसले नाहीत. "त्याचाच घ्या. चेहरा स्पष्ट आला, की लेन्स तुमची."

चौथ्या संध्याकाळी एका ड्रायव्हरची मिशी स्पष्ट आली. लेन्स मिळाली.

पहिली रेस झाली. मी ऐटीत सगळ्यात स्वच्छ फोटो पुढे केला.

"ही गाडी पार्क केलीय का?" त्यांनी विचारलं.

खरंच, चाकाची तार न् तार मोजता येत होती. फोटो हलेल या धास्तीनं मी शटर इतकं झटपट ठेवलं होतं, की नातीचा सगळा वेगच गोठून गेला होता. "शटर हळू करा आणि तिच्याबरोबर फिरा. मागचा माळ पुसला गेला पाहिजे. आता वाईट दाखवा."

वाईट पुष्कळ होते. चष्मा कपाळावर चढवून ते अर्धा तास बघत राहिले. एखाद्या पार्टला तडा नेमका कुठून गेलाय ते शोधावं, तसे.

"ताई, गंमत आहे. सपाटीवर ती मधोमध आहे. उडीवर मात्र दरवेळी अर्धी चौकटीबाहेर. असं का होत असेल?"

"लेन्सचाच दोष असणार."

"लेन्सला उडी कळत नाही. तुम्ही थांबताय."

मला राग आला. वयच तसं होतं. मग हळूच खरं बोलले, "ती वर गेली की पडेल असं वाटतं हो. अंग आपोआप आखडतं."

त्यांनी चष्मा कपाळावरून उतरवून पुसला. मग म्हणाले, "रविवारी मी येतो."

शेवटच्या रेसला आले, डोक्यावर टोपी, गळ्यात नॅपकिन. माझ्या उजवीकडे दहा पावलं जाऊन दोरीपाशी उभे राहिले. "तिच्याकडे लक्ष ठेवायचं काम माझं. पडली तर हात वर करीन. फिरत फिरत शेवटी तुम्हाला मीच दिसेन. हात खाली असला तर सगळं ठीक."

नात आली. उंचवट्यावरून गाडी सुटली. मी बटण दाबून धरलं आणि फिरले. थांबले नाही. शेवटी भाऊ दिसले. हात खाली होता.

"नीट बघितलंत ना?" मी पळत जाऊन विचारलं.

"आधी मागचं चाक टेकलं, मग पुढचं. एकदम ओके."

नात नववी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली. फोटोत तिचं हेल्मेट लख्ख, अंगावरचा नंबर लख्ख, आणि मागचा माळ म्हणजे नुसत्या पिवळ्या रेघा. परदेशात तिच्या खोलीत तो लावलेला आहे.

भाऊ मागच्या वर्षी गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घरभर कॅमेरे, पण यांचा एकट्याचा एक फोटो नाही बघा."

माझ्याकडे होता. त्या उडीच्या फोटोंमधला अगदी शेवटचा, मी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हाचा. किंचित हललेला. दोरी, टोपी, छातीशी आवळलेल्या दोन मुठी आणि गच्च मिटलेले डोळे. त्या दिवशी घरी आल्यावरच मला तो दिसला होता. भाऊंना मी कधी बोलले नाही.

मोठा करून, काचेच्या फ्रेममध्ये घालून नेला. देताना म्हटलं, "वहिनी, डोळे मिटलेत पण."

त्या बघत राहिल्या. "पोराला सायकल शिकवताना अस्सेच उभे होते हो," म्हणाल्या, आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.