पांढऱ्यातला पिवळा

"घरतशेठ, हा रंग माझ्या गाडीचा नाही."

लतीफभाई हे तिसऱ्यांदा सांगायला आले होते. पहिल्या वेळी मी चहा मागवला होता. दुसऱ्या वेळी मागवला नाही. तिसऱ्या वेळी माझं डोकंच सटकलं.

"लतीफभाई, गाडी पांढरी, मी लावला तोही पांढरा. आता काय दुधाने रंगवू?"

"दुधाने नको," ते शांतपणे म्हणाले. "दूध पिवळट असतं."

पनवेलला माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. पुढे रंग विकतो, मागे पत्र्याखाली टच-अपची कामं करतो. तेव्हा विमानतळाच्या नुसत्या बातम्याच होत्या, पण डंपर मात्र आधीच आले होते. डंपरमागे गाडी लागली की खडी उडते आणि बॉनेटवरच्या रंगाचा टवका जातो. तो टवका भरायचा म्हणजे टच-अप.

लोकांना वाटतं, हे नेलपॉलिशसारखं काम. बाटली घ्या, ब्रश फिरवा, झालं. अहो, तसं असतं तर माझं दुकान कशाला चाललं असतं? प्रत्येक गाडीला कंपनीचा रंगाचा कोड असतो, बॉनेटखाली नाहीतर दाराच्या खांबावर चिकटवलेला. तो कॉम्प्युटरला दिला की फॉर्म्युला येतो, म्हणजे कुठला रंग किती घालायचा ते. पण गाडी कारखान्यातून निघाली तशी राहते का? उन्हात रंग बदलतो. तळोज्याला कंपन्यांच्या धुरात उभी राहणारी गाडी आणि करंजाड्याला बिल्डिंगखाली सावलीत उभी राहणारी गाडी, कोड एकच असला तरी शेड वेगळी. म्हणून फॉर्म्युल्यानंतर थेंब थेंब घालून जुळवावं लागतं. कधी जरासा काळा, कधी जरासा पिवळा. मग कार्डावर लावायचं, सुकू द्यायचं, कारण ओला रंग आणि सुकलेला रंग सारखा दिसत नाही. मग ते कार्ड उन्हात गाडीला टेकवून बघायचं. शेवटचा निकाल डोळा देतो, कॉम्प्युटर नाही.

आणि या डोळ्यावर माझा भारी गर्व होता. पनवेलमधले गॅरेजवाले म्हणायचे, घरतने पास केला म्हणजे डोळे मिटून लावा.

लतीफभाई इथल्या मोहल्ल्यातले, आखातात नोकरी करून कायमचे परत आलेले. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिची रुख्सती, म्हणजे सासरी पाठवणी, याच गाडीतून करायची होती. म्हणून बॉनेटवरचे टवके भरायला आले होते. मी भरले. त्यांना पटलं नाही, पुन्हा भरले. आता पुन्हा तेच.

मी माझ्या पेंटरला, दत्तूला हाक मारली. दत्तू आपटा गावचा, माझ्याकडे दुकान सुरू झाल्यापासून आहे.

"दत्तू, तूच सांग यांना. रंग जुळलाय का नाही?"

दत्तू हातातल्या पॉलिश पेपरकडे बघत म्हणाला, "तुमी म्हनता तर जुळलाय."

"मी म्हणतो म्हणून काय? तुला दिसत नाही?"

तो पेपर पाण्यात बुडवून पुन्हा घासायला लागला.

लतीफभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, खिशातला रुमाल काढला आणि दोन्ही माझ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. "घरतशेठ, मी तिकडे अरबांच्या झग्यांच्या कापडाच्या दुकानात उमर काढली. सगळं पांढरं कापड. आता मला सांगा, या दोघांत जास्त पांढरं कोणतं?"

मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. मी टोपी उचलली, रुमाल उचलला, दारात उन्हात जाऊन बघितलं. "दोन्ही सारखे. खेळ कसला लावलाय हा?"

दत्तू हळूच म्हणाला, "शेट, टोपी पिवळी हाय. तेल पिऊन पार पिवळी पडलीय."

मी परत बघितलं. डोळे बारीक केले, मोठे केले, टोपी लांब धरली. मला एकच पांढरा दिसत होता. हातपाय गार पडले म्हणतात ना, ते मी त्या दिवशी भर उन्हात अनुभवलं.

लतीफभाईंनी मला स्टुलावर बसवलं. "घाबरू नका. मोतीबिंदू असेल. मलाही झाला होता. डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं होतं, आपल्याला कळतच नाही. मी मळकं कापड शुभ्र म्हणून विकत होतो आणि वर गिऱ्हाइकाशी भांडत होतो. मालकाने हाताला धरून दवाखान्यात नेलं."

मी राग काढला दत्तूवर. "अरे गाढवा, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तुमी आयकलं आसतं?"

ऐकलं नसतं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यात फुटतात म्हणून मी कधीपासून कुरकुरत होतो. बायको म्हणायची, डोळे दाखवा. मी म्हणायचो, लोकांनाच हेडलाइट लावायची अक्कल नाही.

खरी भीती ऑपरेशनची नव्हती. रंगवाल्यालाच रंग दिसत नाही, ही बातमी पनवेलमध्ये पसरायला किती वेळ लागतो? एका गॅरेजवाल्याला कळलं की संपलं. पुन्हा माझ्या बाटलीवर कुणी विश्वास ठेवला नसता. दुसरं कुठलं काम मला येत नाही.

माझ्या मनातलं लतीफभाईंनी ओळखलं असावं. "ही गोष्ट या दुकानाबाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "आणि गाडीचं काम तुम्हीच करायचं. डोळे झाल्यावर."

"अहो, पण लग्न?"

"लग्न मुलीचं आहे, बॉनेटचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून ते मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदूच सांगितला, दोन्ही डोळ्यांत. मी विचारलं, "रंग दिसतील का?" ते हसून म्हणाले, "दिसतील. कदाचित नको तेवढे दिसतील."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली आणि मी येडाच झालो. उजव्या डोळ्याने दवाखान्याची चादर बघितली तर झक्क पांढरी, थोडी निळसरच. डाव्या डोळ्याने बघितली तर चहा सांडून धुतल्यासारखी. एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा, हाच खेळ. नर्सबाई म्हणाल्या, "काका, कुणाला डोळा मारताय?"

पुढे डाव्याचंही झालं. धूळ नको, थिनरचा वास नको, म्हणून मी घरात कोंडलेला. लतीफभाईंकडचं लग्न त्यातच आलं आणि गेलं. आमच्याकडून दत्तू गेला होता. परत आल्यावर त्याने सांगितलं ते असं:

"बॉनेटवर गुलाबाचे हार टाकले व्हते, पन डाग दिसत व्हते. तिथं तळोज्याचा एक गॅरेजवाला व्हता. तो म्हनला, लतीफभाई, हे काम कोनी केलं हो? माझ्याकडं आना, दोन तासात करून देतो. लतीफभाई म्हनले, काम अजून पुरं झालं नाय. मिस्तरी सुट्टीवर हाय, आला की करील."

डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका असं बजावलं होतं. त्या दिवशी काही ते पाळता आलं नाही. पोरीच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्या माणसाने डागाळलेली गाडी उभी केली आणि माझं नाव झाकलं. आम्ही काही सोयरे नव्हतो, जुने दोस्तही नव्हतो. मी तर त्यांना दुधावरून बोललो होतो. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर, हे मी सरळ सांगतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर लतीफभाई गाडी घेऊन आले. उन्हात उभी केली आणि मी बघतच राहिलो. बॉनेटवर कुणी वरण उडवल्यासारखे ठिपके!

"हे मी लावलं?"

"मंग काय मी?" दत्तू म्हणाला. आता त्याला कंठ फुटला होता.

सगळा जुना रंग खरवडून काढला. प्रायमर लावला, शेड नव्याने बनवली, पातळ थर देऊन सुकवले, वरून क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारून घासून एकजीव केलं. लतीफभाईंनी बॉनेटवरून हात फिरवला, वाकून बघितलं, उभं राहून बघितलं. मग म्हणाले, "टवके कुठे होते?"

त्यांनाच विसर पडला होता की मला खूश करत होते, ते मी विचारलं नाही. चहा मात्र मागवला.

तेव्हापासून पांढऱ्या गाडीची शेड मी एकटा पास करत नाही. दत्तूला विचारतो. तो 'नाय' म्हणाला तर आधी चिडतो, अर्धा तास त्याच्याशी बोलत नाही, आणि मग शेड पुन्हा बनवतो.